‘प्रतिकार’ लिहिण्याआधी: कोणाचा आणि कोणाविरुद्ध?

गेली एकवीस वर्षं मी आरोग्याची पत्रकं, औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या चिठ्ठ्या आणि शेतीच्या माहितीपुस्तिका मराठीत आणते, दुसऱ्यांनी आणलेल्या तपासते. या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते माझ्याच एका चुकलेल्या वाक्यानं. क्षयरोगाच्या पत्रकात मी लिहिलं होतं: ‘औषधं मध्येच सोडल्यास क्षयरोगाच्या जंतूंचा प्रतिकार वाढतो.’

पत्रक छापून झालं. गडहिंग्लज भागातल्या एका आरोग्य केंद्रावर आशाताईंची बैठक होती, तिथे मी ते वाटायला गेले. पुढच्या रांगेतल्या एका ताईंनी वाक्य मोठ्यानं वाचलं, थांबल्या आणि मला म्हणाल्या, “मॅडम, औषध सोडलं की जंतूंचा प्रतिकार वाढतोय, असं लिवलंय न्हवं? म्हंजे आपलं अंग जंतूंशी जास्त झुंजतंय. मग औषध सोडलेलं चांगलंच की!”

त्यांनी वाक्य बरोबर वाचलं होतं. मराठीत त्या वाक्याचा तोच अर्थ सरळ लागतो. मला म्हणायचं होतं नेमकं उलट: औषध अर्ध्यावर सोडलं की जंतू औषधाला भीक घालेनासे होतात. दोन हजार प्रती परत घेतल्या. दोन खोकी भरली, ती अजून माझ्या माळ्यावर आहेत.

त्या दिवसापासून ‘प्रतिकार’, ‘रोध’, ‘प्रतिबंध’, ‘संरक्षण’ यातला कुठलाही शब्द लिहिण्याआधी मी कागदाच्या कडेला दोन प्रश्न पेन्सिलीनं लिहिते: कोण करतंय? कोणाविरुद्ध? ही सवय कशी लावायची आणि त्यातून कुठला शब्द निवडायचा, ते इथे सांगते.

‘चा’ हा प्रत्यय आधी तपासा

सगळा घोळ ‘चा-ची-चे’मध्ये आहे. ‘आईचं प्रेम’ म्हटलं की आई प्रेम करते. ‘चोराचा पाठलाग’ म्हटलं की चोर पाठलाग करत नाही, त्याचा केला जातो. प्रत्यय एकच, पण एकीकडे तो करणारा दाखवतो आणि दुसरीकडे ज्याच्यावर क्रिया होते तो. बोलताना आपण हे अंदाजानं बरोबर लावतो, कारण चोर आणि आई आपल्या ओळखीचे असतात. जंतू, अळी, विषाणू यांच्याबाबतीत तो अंदाज चालत नाही.

‘प्रतिकार’ हा शब्द मराठीत ‘चोराचा पाठलाग’ या जातीचा आहे. ‘हल्ल्याचा प्रतिकार’, ‘अन्यायाचा प्रतिकार’, ‘रोगाचा प्रतिकार’: ज्याला ‘चा’ लागतो त्याच्या विरुद्ध कोणीतरी उभं असतं. करणारा सांगायचा तर ‘ने केलेला’ लावावं लागतं: ‘गावकऱ्यांनी केलेला हल्ल्याचा प्रतिकार’. म्हणून ‘जंतूंचा प्रतिकार’ वाचल्यावर ताईंनी जंतूंच्या विरुद्ध कोणीतरी उभं केलं. व्याकरण त्यांच्या बाजूनं होतं.

‘विरोध’ची रीत वेगळी. त्यात करणाऱ्याला ‘चा’ आणि ज्याला विरोध त्याला ‘ला’ किंवा ‘स’: ‘शेतकऱ्यांचा धरणाला विरोध’. दोन प्रत्यय, दोन माणसं, घोळ नाही. पण हल्ली हिंदीच्या वळणानं ‘धरणाचा विरोध केला’ असं सर्रास छापलं जातं. त्यामुळे मराठीनं राखलेला हा स्वच्छ फरक पुसला जातो. मला दिसलं की मी लगेच ‘धरणाला विरोध केला’ करते. याबाबतीत मी हट्टी आहे आणि तुम्हीही व्हावं असं मला मनापासून वाटतं.

बाकीच्यांचे प्रत्यय एकदा म्हणून घ्या, मग हात आपोआप बरोबर पडतो. साथीला अटकाव, साथीला आळा. आत येण्यास मज्जाव. रोगाला प्रतिबंध. संकटाशी सामना किंवा संकटाचा मुकाबला. पावसापासून बचाव, पण आरोपीचा बचाव. या शेवटच्या जोडीकडे नीट बघा. ‘पासून’ आलं की धोका सांगितला जातो, ‘चा’ आलं की ज्याला वाचवायचं तो. ‘संरक्षण’ही असंच चालतं. एका मच्छरदाणीच्या पाकिटावर मी ‘डासांचे संपूर्ण संरक्षण’ वाचलं होतं. लिहिणाऱ्याला ‘डासांपासून’ म्हणायचं होतं. छापलं गेलं ते डासांच्या भल्याचं.

समासात तर प्रत्यय गळूनच पडतो, तिथे जास्त जपावं लागतं. ‘वनसंरक्षक’ वन राखतो. ‘पीकसंरक्षण’मध्ये पीक वाचवायचं असतं, ‘ग्राहक संरक्षण’मध्ये ग्राहक. मग नदीकाठच्या ‘पूरसंरक्षक भिंती’नं काय राखायचं? शब्द इतका रुळलाय की तो कोणाला खटकत नाही, पण नवा शब्द घडवताना त्याचा कित्ता गिरवू नका. त्यापेक्षा कोकण किनाऱ्यावरचा ‘धूपप्रतिबंधक बंधारा’ पाहा. धूप म्हणजे समुद्राच्या लाटांनी जमीन झिजणं. ती होऊ नये म्हणून बंधारा. शब्द लांब आहे, पण त्याचा अर्थ एकच लागतो.

प्रतिकार आणि विरोध

‘प्रतिकार’ म्हणजे प्रति अधिक कृ. समोरून काही आलं, त्याला उलट काहीतरी करणं. संस्कृतात त्याचा अर्थ उपाय, इलाज असाही होतो. म्हणून रोगाच्या संदर्भात हा शब्द मुळातच शोभतो. ‘विरोध’ रुध् या धातूवरून आला. रुध् म्हणजे अडवणं, कोंडणं. अवरोध, निरोध, गतिरोध ही त्याचीच भावंडं. पतंजलींच्या योगसूत्रांतलं दुसरं सूत्र, ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’, त्यातला निरोधही हाच. याच घरातला ‘अनुरोध’ मात्र मराठीत ‘च्या अनुरोधाने’ म्हणजे ‘ला धरून, अनुसरून’ असा येतो. विनंती हा त्याचा अर्थ हिंदीतला आहे, तो पत्रात आणू नका.

वापरात फरक असा: विरोध मनात असू शकतो, अर्जात असू शकतो, सभेत हात वर करून नोंदवता येतो. प्रतिकाराला कृती लागते. १९२१ साली मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. आधी विरोध होता. धरणाच्या कामावर जाऊन बसले, ‘जान किंवा जमीन’ म्हणत काम थांबवलं, तेव्हा तो विरोध प्रतिकार बनला. सेनापती बापटांना त्यापायी तुरुंगवास झाला. त्या काळच्या राजकीय मराठीत ‘निःशस्त्र प्रतिकार’ हा शब्दप्रयोग रुजला. त्यात ‘प्रतिकार’च्या जागी ‘विरोध’ घालून वाचा, सगळा जोर उतरतो.

तेव्हा वाक्यात कोणी नुसतं ‘नको’ म्हणत असेल तर विरोध लिहा. नको म्हणून काही करत असेल, झेलत असेल, परतवत असेल तर प्रतिकार.

इंग्रजी ‘अँटी’ला मराठीत एकच उत्तर शोधू नका

भाषांतर करणारे नवे मुलगे-मुली माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हा असतो: बाई, ‘अँटी’ला काय म्हणायचं? कोशात बघून ते सगळीकडे ‘विरोधी’ चिकटवतात. पण मराठीनं तिथे कामं वाटून दिली आहेत, आणि हे वाटप किती विचारानं केलंय ते पाहून मला दरवेळी आनंद होतो.

होण्याआधीच थांबवायचं असेल तर ‘प्रतिबंधक’. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, अत्याचार प्रतिबंधक कायदा, गोवर प्रतिबंधक लस. ज्याच्याविरुद्ध उभं राहायचं तो हाडामासाचा असेल किंवा एखादी प्रवृत्ती असेल तर ‘विरोधी’: दहशतवादविरोधी पथक, महाराष्ट्रात २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदा. कायद्यानं एखादी गोष्ट करूच द्यायची नसेल तर ‘बंदी’: १९८५चा पक्षांतरबंदी कायदा. जीव घ्यायचा असेल तर ‘नाशक’: कीटकनाशक, बुरशीनाशक. आलेलं दूर करायचं असेल तर ‘निवारण’: तक्रार निवारण. आलेलं घालवता येत नाही पण थंड करता येतं, तिथे ‘शामक’: वेदनाशामक. वेदनेची गोळी वेदनेचं कारण मारत नाही, म्हणून आपण तिला वेदनानाशक म्हणत नाही. आणि विष अंगात भिनलंय, ते उतरवायचंय, तर त्याला गावातला प्रत्येक माणूस म्हणतो तो शब्द आहे ‘उतारा’. सापाच्या विषावर उतारा. ‘प्रतिविष’ पाठ्यपुस्तकात राहू दे, पत्रकात ‘उतारा’ लिहा. तो शोधायला आजवर कोणाला कोश उघडावा लागलेला नाही.

निवड करताना मी काळ विचारते. धोका यायचाय, येतोय की येऊन गेलाय? यायचा असेल तर प्रतिबंध, येतोय तर प्रतिकार किंवा अटकाव, आलाय तर निवारण, शमन, उतारा. ‘ताप आल्यावर घ्यायची प्रतिबंधक गोळी’ असं वाक्य मी एका मसुद्यात खोडलं होतं. ताप आल्यावर प्रतिबंध कसला?

संततिनियमनाचंही इथेच सांगून टाकते. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत केंद्र काढलं तेव्हापासून ‘संततिनियमन’ हा शब्द मराठीत आहे. ‘नियमन’ म्हणजे लगाम जोडप्याच्या हाती. पुढे ‘गर्भनिरोधक’ आला, तो साधनाला लावायचा शब्द. १९६८ साली सरकारनं कंडोम बाजारात आणले, त्यांचं नावच ‘निरोध’. एक शब्द निर्णयासाठी, एक वस्तूसाठी. अदलाबदल करू नका.

लस आणि प्रतिकारशक्ती

माझ्या आजीच्या दंडावर नाण्याएवढे दोन वण होते. ती सांगायची, “लहानपणी देवी काढल्या होत्या.” देवी हा रोग आणि देवी काढणं म्हणजे त्याच्यावरची लस टोचणं. ‘लस’ हा शब्द तर आणखी जुना आणि घरगुती आहे: जखमेतून किंवा फोडातून पाझरणारा चिकट द्रव, ती लस. आजही आपण ‘जखमेला लस येतेय’ म्हणतो. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली आणि तिच्या फोडातला द्रव घेऊन पुढच्यांना टोचलं गेलं. फोडातल्या लसीनंच टोचणी व्हायची, तेव्हा त्या उपायाचं नाव लस पडलं यात नवल नाही. त्यासाठी कोणाला संस्कृत शब्द घडवावा लागला नाही.

लस काय करते? ती प्रतिबंध करते, आणि तो आपल्या अंगातली प्रतिकारशक्ती जागी करून करते. या दोन पायऱ्या वाक्यात वेगळ्या ठेवा. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगवरची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ती प्लेग प्रतिबंधक लस होती, प्लेग झालेल्याला बरं करणारं औषध नव्हतं. ‘प्लेगवरचं औषध’ म्हटलं की हा फरक पुसतो. करोनाच्या काळात, लस घेतली तरी आजार झाला म्हणून किती घरांत चिडचिड झाली ते आठवा. ‘प्रतिबंध’ हा शब्द लोकांनी पोलादी भिंतीसारखा ऐकला होता. तेव्हापासून मी ‘लस घेतल्यावर आजार झालाच तर तो बहुधा जोर धरत नाही’ असं सुटं वाक्य लिहिते.

लेखनाचा एक प्रश्न नेहमी येतो: रोगप्रतिकारशक्ती की रोगप्रतिकारकशक्ती? दोन्ही छापलेलं दिसतं. रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती ती रोगप्रतिकारशक्ती, असा समास सरळ सुटतो. ‘प्रतिकारक’ हे विशेषण स्वतंत्र ठेवायचं तर ‘रोगप्रतिकारक शक्ती’ असं तोडून लिहा. मी पहिलं वापरते. ‘प्रति’मधली ति ऱ्हस्व. ‘प्रतीकार’ संस्कृतात चालतं, मराठीत नको.

आणि कृपा करून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे घोषवाक्य जिथे तिथे चिकटवू नका. आमवातात शरीराची हीच शक्ती स्वतःच्या सांध्यांवर उठते. मूत्रपिंड बदललेल्या माणसाचं शरीर नव्या मूत्रपिंडाला परकं समजून त्याचा प्रतिकार करतं, म्हणून त्याला ही शक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. पेन्सिलीचे दोन प्रश्न इथेही विचारा. कोण करतंय: शरीर. कोणाविरुद्ध: स्वतःच्याच सांध्याविरुद्ध, जीव वाचवणाऱ्या मूत्रपिंडाविरुद्ध. अशा रुग्णाच्या हातात ‘वाढवा’ म्हणणारं पत्रक पडलं तर काय, हे लिहिणाऱ्यानं आधी विचारात घ्यायला हवं.

जंतू औषधाला दाद देत नाहीत

आता माझ्या चुकलेल्या वाक्याकडे येते. क्षयरोगाचा नेहमीचा औषधोपचार सहा महिन्यांचा असतो. दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन चढतं, आणि माणूस गोळ्या सोडतो. तोवर औषधाला चटकन मरणारे जंतू मेलेले असतात. मागे उरतात त्यांत काही असे असतात की त्यांच्या घडणीत आपोआप झालेल्या बदलामुळे औषध त्यांना मारू शकत नाही. स्पर्धा उरली नाही, मग तेच वाढतात. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन मुख्य औषधं ज्यांच्यावर चालत नाहीत असे जंतू झाले की उपचार अवघड होतो. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवलं होतं की औषध अपुरं घेतलं तर जंतू त्याला पुरून उरायला शिकतील.

बदल जंतूत होतो. माणसाच्या शरीरात नाही. पण लोक म्हणतात, “त्याच्या अंगाला औषधाची सवय झालीय.” आणि भाषांतरकार ‘अँटिबायोटिक रेझिस्टन्स’चा ‘प्रतिजैविक प्रतिकार’ असा समास करून तीच गैरसमजूत पक्की करतो, कारण ‘प्रतिकार’ म्हटलं की मराठी माणसाला आपली स्वतःची, चांगली, वाढवायची शक्ती आठवते. एकाच शब्दानं रक्षण करणारा आणि घात करणारा असे दोघे दाखवायचे, तेही एकाच पानावर, हे चालणार नाही.

म्हणून मी नियम केला. शरीराचा तो ‘प्रतिकार’. जंतूचा तो कधीही ‘प्रतिकार’ नाही. तिथे क्रियापद वापरायचं, आणि ते आपल्याकडे तयार आहे: ‘दाद देत नाही’. वर्तमानपत्रांनी ‘औषधांना दाद न देणारा क्षयरोग’ कधीच रुळवलाय. ‘दाद’ मूळचा फारसी, अर्थ न्याय. कोर्टात दाद मागतो ती न्यायाची. गवयाला दाद देतो ती त्याच्या गाण्याला दिलेला न्याय. आणि जो दाद देत नाही तो समोरच्याला मोजतच नाही. जंतू औषधाला मोजत नाही, हे सहा वर्षांच्या मुलालाही कळतं. ‘जुमानत नाही’ हेही चालतं, ‘बधत नाही’ही.

औषधाच्या बाबतीत मराठीनं तीन क्रियापदं तीन जणांना वाटून दिली आहेत, ती मोडू नका. औषध *लागू पडतं*. रोग्याला *गुण येतो*. रोग *दाद देतो*. या तिघांत कर्ता कोण ते ऐकल्याबरोबर समजतं. माझ्या जुन्या वाक्यात हे तिघेही एकमेकांत मिसळले होते.

शेतीत हाच घोळ आणखी मोठ्या प्रमाणावर झालेला मी पाहिला. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होणाऱ्या कापसाला, भारतात २००२ साली परवानगी मिळाली. ‘बोंडअळीचा प्रतिकार करणारं वाण’ म्हणून ते घरोघर माहीत झालं. पुढे गुलाबी बोंडअळीच बीटीला दाद देईनाशी झाली आणि २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं किडली. त्यानंतर निघालेल्या एका पुस्तिकेत ‘बोंडअळीची प्रतिकारक्षमता’ हा शब्द एका परिच्छेदात वाणासाठी आणि पुढच्यात अळीसाठी वापरला होता. शेतकऱ्यानं काय समजायचं? मी तपासताना वाणाला ‘प्रतिकारक्षम’ ठेवलं आणि अळीसाठी ‘अळी बीटीला जुमानत नाही’ असं लिहिलं.

याच पुस्तिकेत आणखी एक अडचण होती. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर बीटी बियाणं येत असे, ते कडेनं लावायचं. बऱ्याच जणांनी ते फेकून दिलं. मूळ मसुद्यात त्या ओळींना ‘संरक्षक ओळी’ म्हटलं होतं. कोणाच्या संरक्षक? वाचणाऱ्याला वाटणार, कापसाच्या. खरं तर त्या ओळी साध्या, बीटीनं मरणाऱ्या अळीला जगायला जागा देतात. ती जगली तर दाद न देणाऱ्या अळीशी तिचा संकर होतो आणि पुढची पिढी पुन्हा बीटीनं मरणारी निघते. म्हणजे आसरा अळीला, आणि त्यातून फायदा कापसाला. मी ‘आसऱ्याच्या ओळी’ केलं आणि खाली दोन वाक्यांत कारण लिहिलं. कारण कळल्यावाचून कोणी स्वतःच्या रानात अळी का पोसेल?

रोध, रोधक आणि घड्याळ

विज्ञानाच्या पुस्तकात ‘रोध’ बंदिस्त अर्थाचा आहे: तारेतून वाहणाऱ्या विजेला होणारी अडवणूक, मोजायची ओहममध्ये. वीज जाऊच देत नाही तो ‘विसंवाहक’. इथे पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊ नका, मुलांचे गुण जातात.

बाजारात मात्र ‘रोधक’ फार सैल झालाय. माझ्या धाकट्या दिरानं घड्याळ घेतलं. माहितीच्या घडीवर ‘३० मीटरपर्यंत जलरोधक’ लिहिलेलं. तो ते घालून विहिरीत पोहला आणि काचेच्या आतून वाफ धरली. तीस मीटर हा आकडा कारखान्यातल्या स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो. हात मारत पोहताना पडणारा ताण त्यात धरलेला नसतो. असं घड्याळ हात धुताना उडालेलं पाणी सोसतं, एवढंच. ‘रोधक’ म्हटलं की ऐकणाऱ्याला पूर्ण बंदोबस्त वाटतो. मी तिथे लिहीन: ‘पाण्याचे शिंतोडे सोसते. घालून पोहू नये.’ जिथे मर्यादेपर्यंत टिकणं सांगायचं तिथे सोसणं, तग धरणं, टिकाव धरणं ही क्रियापदं नेमकी बसतात, कारण त्यांत ‘अमुक इतकंच’ आपसूक येतं.

कोकणातल्या आमच्या घरी पावसाच्या आधी ओटीला नारळाच्या चुडतांची झापं बांधायचे. त्याला कोणी जलरोधक म्हणत नसे. ‘झड आत येऊ नये म्हणून’ असं म्हणत. झड म्हणजे वाऱ्यानं तिरपा होऊन आत येणारा पाऊस. कशापासून, कुठे आणि किती, तिन्ही त्या चार-पाच शब्दांत आलं. नवा शब्द घडवण्याआधी असं काही घरात आधीच बोललं जातं का, ते विचारून बघा.

पत्रक आम्ही पुन्हा छापलं. त्या आधी मसुदा घेऊन मी त्याच ताईंकडे गेले. नवीन वाक्य होतं: ‘औषध मध्येच सोडले तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात.’ त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, “आता कळतंय. पण मॅडम, ‘उरलेले’ कुठं ऱ्हायले ते लिवा. खोकला थांबला की माणसाला वाटतंय, जंतू गेले.” त्यांच्या सांगण्यावरून छापलेलं वाक्य असं झालं: ‘खोकला थांबला तरी छातीत जंतू उरलेले असतात. औषध मध्येच सोडले तर ते औषधाला दाद देईनासे होतात.’